सरव्याच्या हरभऱ्याची पंगत

माझ्या फोडणीचा ठसका मोताळ्याच्या बसस्टँडपर्यंत जातो, असं मी सांगते तेव्हा माझा नवरा मान खाली घालून हसतो. हसू दे. एकदा मी वाळल्या मिरचीची फोडणी दिली आणि तिकडे उभ्या असलेल्या एसटीचा कंडक्टर असा शिंकला, की ड्रायव्हरला वाटलं घंटी झाली. त्याने गाडी सोडली. कंडक्टर खाली रुमाल शोधतोय, निम्मे प्रवासी चहाच्या गाड्यावर, आणि गाडी आपली मलकापूरच्या रस्त्याला लागलेली. मी हे डोळ्यांनी पाहिलं नाही. पण ठसका माझाच होता, तेवढं मला ओळखू येतं.

फोडणीबद्दल मी एवढी मिजास करते, कारण आमच्या घरात बऱ्याचदा फोडणीच सगळं काम करायची. खाली काय आहे हे कोण बघतो? वास असा सुटला पाहिजे की माणूस पाटावर बसण्याआधीच अर्धा जेवलेला असावा. नवरा जिनिंगमध्ये कामाला. कापूस आहे तोवर जिनिंग, कापूस संपला की उन्हाळाभर बाजार समितीत पोती उचलायची, तीही मिळाली तर. घरात सासूबाई, दोन वाढती पोरं, आणि लग्न होईपर्यंत माझी लेक. पोरांची भूक अशी की भाकरी तव्यावरून खाली उतरायच्या आत हवेतच नाहीशी व्हायची. कधीकधी मला शंका यायची, तवा तरी जाग्यावर आहे ना.

आणि उन्हाळ्यातला आमचा आठवडी बाजार! कोथिंबिरीची जुडी अशी भाव खाऊन बसलेली असते, जणू तिला पाहायला पाहुणे येणार आहेत. मी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहत नसे. माझा भाजीबाजार वेगळाच होता. तो भरायचा पौषात आणि फाल्गुनात, आणि तिथे पिशवी घेऊन नव्हे, ओटी बांधून जायचं असतं.

पौषात हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडायचे. खुडले की झाड फुटतं, म्हणून शेतमालक आपणहून बोलावतो. तो आंबट पाला घरी आणून सावलीत वाळवला की वर्षभराची भाजी झाली. मग फाल्गुनात हरभरा उपटून नेला की शेतात ज्या दाणेभरल्या शेंगा, म्हणजे घाटे, गळून पडतात, तो सरवा. सरवा मालकाचा नसतो. जी बाई वाकून वेचेल तिचा. आमच्या गल्लीतल्या बाया सरव्याला निघाल्या की मी सगळ्यांत पुढे. माझी नजर अशी, की ढेकळाखालचा घाटा मला हाक मारतो. शेजारच्या चाचीचं म्हणणं, मी पुढे गेले की मागच्या बायांना नुसती माती उरते. चाची म्हशी पाळते, म्हणून तिला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. माझ्यासारखं नाही.

तर त्या वर्षी माझ्या घरात हरभऱ्याच्या कोठ्या भरलेल्या आणि बाकी सगळं रिकामं, अशा वेळी अधिक महिना आला. ज्येष्ठ अधिक. वर ऊन असं, की अंगणात वाळत घातलेले पापड तळूनच उचलावे. अधिकात जावयाला धोंडे खायला बोलावायचं असतं. पुरण भरलेले कणकेचे गोळे, नाव धोंडे, पण करायचे असे मऊ की जिभेवर ठेवताच विरघळावे. लेकीच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सासर धामणगाव बढ्याचं, किराण्याचं मोठं दुकान, दारात चारचाकी. जावयासोबत विहीणबाईही येणार होत्या.

निमंत्रण गेलं आणि दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन. आवाज दबका, म्हणजे स्वयंपाकघरातून चोरून केलेला. तिच्या धाकट्या जावेच्या माहेरी नुकतेच धोंडे झाले होते. तिथे पनीर होतं, काजूची भाजी होती, वाढायला कॅटरिंगवाले होते. तेव्हापासून विहीणबाईंनी रोजच्या जेवणात एक वाक्य वाढायला घेतलं होतं, की आता आपण मोताळ्याला जाऊ आणि हरभरे खाऊन येऊ, घोड्यावानी. सगळं घर हसायचं. माझी लेकही हसायची. न हसून सांगते कुणाला?

“माय,” ती म्हणाली, “या बारीनं हरभऱ्याचं काईच नको करजो.”

मी म्हटलं, बरं बाई, तू म्हणशील तसं. फोन ठेवला आणि कोठीतून पायलीभर हरभरा काढून पाण्याचा हात लावला, म्हणजे दुसऱ्या दिवशी भरडायला सोपा.

माझं गणित साधं होतं. पनीर आणायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि असतं तरी ते पांढरं रबर मी माझ्या चुलीवर चढू दिलं नसतं. हरभरा मात्र असा गडी आहे, की त्याला सतरा सोंगं येतात. डाळ केली तर पुरण होतो, दळला तर बेसन, भाजला तर डाळं. त्याचा पाला भाजी होतो. मी ठरवलं, सगळं पान त्याचंच करायचं, आणि असं करायचं की त्याच्या जन्मदात्या शेतालाही तो ओळखू येऊ नये. विहीणबाई जेवतील, ढेकर देतील, आणि गाडीत बसून धामणगावला जातील. कुणाला पत्ता लागणार नाही. लेकीला दिलेलं वचनही मोडणार नाही, कारण ती विचारणारच नाही.

पण लेक आदल्या दिवशीच मदतीला म्हणून एसटीने आली. पाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात. तिथे जात्याशेजारी डाळीचा ढीग, परातीत बेसन, पाण्यात भिजलेला पाला. तिने एकेका भांड्यावरचं झाकण उचललं. झाकण उचलताना तिचा चेहरा दर भांड्यागणिक उतरत गेला.

“हरभरा,” ती म्हणाली. दुसरं झाकण. “हरभरा.” मग ती खाली बसली आणि रडायलाच लागली. “तुले गंमत वाटून राह्यली, माय. तू तर इथं राह्यतं. मले तिथं राह्यचं हाये. मेल्यावरबी ते लोक घोडा-घोडा करतीन मले.”

मी आपली लसूण सोलत बसले. सोलता सोलता म्हटलं, “बाई, मी तुले याच्यावर वाढवलं. याच्याहून चांगलं माह्याजवळ काई नाही. असतं तर पयले तुलेच खाऊ घातलं असतं.”

ती उठली, पदर खोचला आणि परात पुढे ओढली. रडत रडत मळलेल्या बेसनाला मीठ कमी लागतं, असं मी तेव्हाच सांगितलं असतं, पण ती वेळ विनोदाची नव्हती.

आता पातोडी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बेसनात तिखट, हळद, जिरं, लसूण घालून ते चुलीवर उकळत्या पाण्यात घोटायचं. असं घोटायचं, की दंडाचा बेडूक उडी मारून बाहेर यावा. घट्ट गोळा झाला की तेल लावलेल्या ताटावर पातळ थापायचा आणि सुरीने चौकोन पाडायचे. वेगळ्या पातेल्यात कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून वाटायचं, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा उकळायला ठेवायचा. वर तेलाची तर्री आली की तिच्यात पातोड्या सोडायच्या. कालवण दिसतं कसं, वास येतो कसा, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. मटणाचा मसाला हाच, आणि रस्सा हाच. फरक एवढाच, की कोंबडी-बकरी सगळी आपापल्या दावणीला सुखरूप.

थापलेल्या ताटाच्या कडेला जी पट्टी चिकटून राहते, ती सुरीने खरवडली की तिची आपोआप सुरळी होते. पोकळ, बोटाएवढी. रश्शात पडली की पोटात तर्री भरून घेते. तिला आमच्या घरात नळी म्हणतात. सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. त्यांना मटण परवडत नसे, पण नळी चोखण्याची हौस होती. घरातल्या मोठ्या माणसाच्या वाटीत नळी पडते, असा तेव्हापासूनचा रिवाज. ते गेल्यावर नळीचा मान सासूबाईंकडे आला, आणि त्या तो मान राष्ट्रपतीसारखा सांभाळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. विहीणबाई उतरल्या. जरीची साडी, गळ्यात तुळशीची माळ. ही माळ त्यांनी गेल्या साली घातली, आणि तेव्हापासून अंडं पाहिलं तरी तोंड फिरवतात, असं लेकीने सांगितलेलं. माझ्या नवऱ्याने पाणी दिलं, जावयाला टोपी-उपरणं झालं, औक्षण झालं, आणि पानं मांडली.

आता माझ्या पानाचं मी काय सांगू! मधोमध वाफाळते धोंडे, त्यावर चाचीच्या म्हशीचं तूप. तूप चाचीने वाळल्या पाल्याच्या बदल्यात दिलेलं, आणि कढीचं ताकही तिचंच. कढीत भरड डाळीचे वाफवलेले फुणके, असे हलके की वाटीवर ताटली झाकून ठेवावी लागली, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने उडाले असते. लसणाच्या फोडणीतली पाल्याची भाजी. डाळीचे गोळे पोटात घेतलेला गोळाभात. डाळ्याची चटणी. घडीच्या पोळ्या. आणि खोलगट वाटीत काळाभोर, लाल तर्रीचा रस्सा. मला विचाराल तर त्या दिवशी इंद्राने आमच्या घरात डोकावून पाहिलं असावं आणि परत जाऊन आपल्या आचाऱ्याला कामावरून काढलं असावं.

जावयाने पहिला घास घेतला आणि बोलणं सोडलं. विहीणबाईंनी धोंडा खाल्ला, अर्धा डोळा मिटला. कढी प्यायल्या. फुणके काय आहेत असं त्यांनी विचारलं नाही, फक्त आणखी मागितले. मी लेकीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी, वाढायला पुढेच येईना. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. आता विचारतील, मग विचारतील.

तेवढ्यात सासूबाईंना उमाळा आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या सगळं मोठ्याने बोलतात. त्यांच्या वाटीत मी नळी वाढायला गेले, तर त्यांनी पळी अडवली. घरी एवढी मोठी पाहुणी, आणि नळी आपल्याला? त्यांच्या जुन्या मनाला ते पटेना. साऱ्या मोताळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “अवं, इहीनबाईले नळी वाढ!”

मी नळी विहीणबाईंच्या वाटीत सोडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. काळा रस्सा. तर्री. तर्रीतून डोकं वर काढलेला तुकडा. त्यांनी नाकाजवळ बोटं नेली, वास घेतला आणि पान पुढे ढकललं.

“माळ हाये माह्या गळ्यात,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. “अन् अधिक महिना हाये. हे असं जेवाले बोलावता तुमी?”

सासूबाईंना वाटलं, पाहुणीबाई लाजतात. त्या आणखी मोठ्याने म्हणाल्या, “खा न व, चोखून खा, लाजता काऊन? आतमंदी सगळा रस हाये!”

जावई वाटीकडे असा पाहायला लागला, जणू त्यातून बें असा आवाज येणार. माझा नवरा उभा राहिला. मी तोंड उघडलंच होतं. माझ्याजवळ तयार सोंगं भरपूर होती. सोयाबीनचं आहे म्हणाले असते, मशरूम म्हणाले असते, पनीरच आहे, काळ्या म्हशीच्या दुधाचं, असंही म्हणाले असते. लेकीसाठी मी त्या दिवशी वाट्टेल ते म्हणाले असते.

पण लेक चौकटीपासून सुटली होती. ती येऊन सासूच्या पानासमोर बसली. त्यांच्या वाटीतली ती नळी तिने दोन बोटांनी उचलली आणि मधोमध मोडली. आतला पिवळा रवाळ भाग वर करून धरला.

“आई, हे बेसन हाये,” ती म्हणाली. “पातोडी हाये. थापल्यावर काठाले जे राह्यते, त्याले आमच्या घरी नळी म्हणतात. मोठ्या माणसाले देतात. आजीनं तिच्या वाट्याची तुमाले देली.”

लेक तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. माळेचा प्रश्न मिटला होता. पण तिने खांदे मागे घेतले. ते खांदे मी ओळखते, ते माझे आहेत.

“अन् सगळंच हरभऱ्याचं हाये,” ती म्हणाली. “धोंड्यातलं पुरन, फुणके, भातातले गोळे, चटनी, पाल्याची भाजी. माह्या मायनं फाल्गुनात उन्हात वाकून सरवा येचला, त्याचंच हाये सगळं. मी याच्यावरच वाढलो, आई.”

विहीणबाईंनी पानातला एकेक पदार्थ पाहिला. त्यांनी कढीच्या वाटीकडे बोट केलं.

“हे?”

“हरभरा.”

“अन् हा भात?”

“भात तांदळाचा. गोळे हरभऱ्याचे.”

“पोया?”

“पोया गव्हाच्या हायेत. राशनच्या.”

विहीणबाईंनी पेला उचलला. “अन् पानी?”

“पानी नळाचं हाये,” लेक म्हणाली. “येते तेव्हा.”

पहिल्यांदा जावई हसला. त्याला दाबता आलं नाही, भाताचं शीत नाकात गेलं. मग विहीणबाई. त्यांचं हसू आधी पोटात सुरू झालं आणि वर यायला त्याला वेळ लागला, पण आलं तेव्हा माळ गळ्यात उड्या मारायला लागली. सासूबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी सगळ्यांत जास्त त्याच हसल्या. माझ्या नवऱ्याने तेवढ्यात डोळे पुसून घेतले. तिखटाने, असं तो अजून सांगतो.

विहीणबाईंनी लेकीच्या हातातले ते दोन अर्धे घेतले, आणि दोन्ही खाल्ले. चावता चावता त्यांचा जबडा हळू झाला.

“इहीनबाई,” त्या मला म्हणाल्या, “आमच्या दुकानात बेसनाची पोती पडून राह्यतात. पन हे असं होते त्याचं, हे मले नव्हतं माहीत.”

मी म्हटलं, तुमच्या बेसनाचं होणार नाही. समोर लेकीची सासू आहे हे विसरून मी हे बोलून गेले. पण त्यांनी मान डोलावली, आणि मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. नंतर त्यांनी पातोडीचं घोटणं विचारलं, पाणी किती, बेसन किती, आणि मी सांगायच्या आधीच लेक सांगायला लागली. सांगता सांगता वाढत होती. धोंडा घ्या, कढी घ्या, अजून एक फुणका घ्या. आग्रह असा, की जावई शेवटी पान सोडून उभाच राहिला, आणि तरी तिने त्याच्या हातावर धोंडा ठेवला. त्या दिवशी आमच्या घरी इतकं खाल्लं गेलं, की परतताना गाडीचं मागचं चाक चढावर नाही म्हणायला लागलं. हे मात्र जावयाने स्वतः फोनवर सांगितलंय, त्यात माझं काही नाही.

निघताना मी लेकीला वाळल्या पाल्याची पिशवी दिली. एरवीही मी देत असे. तेव्हा लेक ती साड्यांच्या खाली दाबायची, वर आणखी एक गोधडी घालायची, म्हणजे सासरी उघडताना वास कुणाला येऊ नये. या वेळी ती गाडीत बसली आणि जावयाने हात पुढे केला. म्हणाला, आण, डिक्कीत ठेवतो.

“राहू द्या,” ती म्हणाली. “माह्याजवळच असू द्या.”

तिने पिशवी मांडीवर घेतली, तोंडाची गाठ सोडली, मागच्या सीटवर बसलेल्या सासूच्या नाकाशी धरली आणि म्हणाली, घ्या, वास घ्या. विहीणबाईंनी घेतला. गाडी निघाली. त्या कडक उन्हात मी दारात उभी राहिले, रस्त्यावर कुणी दिसलं की त्याला सांगावं म्हणून. चाची आली. मी तिला सगळं सांगितलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला त्यात काहीही वाढवावं लागलं नाही.